सहीचा रकाना

"वाचा ना सिस्टर, सगळं लिहून ठेवलंय," असं म्हणत त्याने वही टेबलावर सरकवली. वहीला दोरीने बांधलेलं पेन मागोमाग घरंगळत आलं.

काचेपलीकडे पेटीत बाळ निजलं होतं. अंगाला नळ्या. दोन महिने आधीच जन्मलेलं पोर सव्वा महिना याच पेटीत काढून घरी गेलं आणि अकराव्या दिवशी परत इथंच आलं. रक्तात जंतू शिरले होते. बायको काचेला कपाळ टेकून उभी होती. सासूबाई लांबच्या बाकावर टोपडं हातात धरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे त्याने मुद्दाम पाठ केली होती.

सतरा वर्षं तो कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होता. डबा उघडून दाखवल्याशिवाय त्याने मॅनेजरलासुद्धा बाहेर सोडलं नव्हतं. संशय घेण्याचाच त्याला पगार मिळायचा, आणि तो फुकटचा पगार घेणारा नव्हता. बाळ घरी आलं त्याच दिवशी त्याने मोरीजवळ वही टांगली, अगदी फाटकावर असते तशी. आधी वेळ लिहायची, मग साबणाने हात धुवायचे, मग सही. त्यानंतरच बाळ. बायको मुकाट्याने सही करायची. तो स्वतःही करायचा, कामावरून आल्या आल्या. सासूबाईंनी मात्र पदर खोचला.

"हात दहादा धुवायला सांगा जावईबापू, धुते. सही कसली मागता? मी काय तुमच्या कारखान्यात लागलेय?"

तेव्हापासून त्याचा त्यांच्यावर डोळा होता. त्या बाळाजवळ दिसल्या की तो जाऊन साबण ओला आहे का, हे बोट लावून पाहायचा. ओला निघाला तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. आज सकाळी त्याच ओरडल्या, "पोराचे पाय गार पडलेत, दूधही ओढत नाही, आधी दवाखाना गाठा!" गाडीत बसल्यावर त्याच्या मनात पाल चुकचुकली. पाय गार पडलेत हे यांना कळलं कसं? चोराच्या मनात चांदणं. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच त्याने सुनावलं, "आई, बाळ घरी येईल तेव्हा तुम्ही तिथं नसाल." त्या काहीच बोलल्या नाहीत. फाटकावर गप्प राहणारा माणूस बहुधा दोषीच निघतो.

"हे बघा," त्याने रकान्यावर बोट ठेवलं. "या माझ्या सह्या, या बायकोच्या. आणि हा सासूबाईंचा रकाना. आहे एक तरी सही?"

सिस्टरांनी सावकाश पानं उलटली. त्यांचे केस याच खोलीत पांढरे झाले होते.

"वेळेवर आणलंत, म्हणून औषध लागू पडतंय. पाय गार झालेले कोणी ओळखले?"

"त्यांनीच," तो ओठातल्या ओठात म्हणाला.

"जंतू कुठून आला ते छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. पण मला सांगा, वेळ कधी लिहिता? हात धुण्याआधी?"

"आधी. फाटकावर तसंच असतं."

"आणि सही केली की लगेच बाळ घेता?"

"लगेच. मध्ये कशालाही हात लावायचा नाही, असा नियमच केलाय मी."

"वेळ लिहायचं पेन वेगळं?"

"नाही, हेच. एकच आहे."

सिस्टर पेनाकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्यानेही पाहिलं. अकरा दिवसांत पेन कळकट झालं होतं, दोरी काळी पडली होती. दिवसभर शेकडो डबे चाचपून आलेले हात त्याने आधी याच पेनाला लावले होते, आणि धुऊन आल्यावर पुन्हा याच पेनाला.

त्याने वही ओढून घेतली आणि पानामागून पान उलटत गेला. सगळीकडे सह्याच सह्या होत्या, बायकोच्या आणि त्याच्या स्वतःच्या, ठसठशीत.

स्वच्छ होता तो एकट्या सासूबाईंचा रकाना.