बाबांच्या बाटल्या

"ही शेवटची," म्हणत लेकीने बाटलीचं बूच उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. बाबांच्या कपाटातल्या रिकाम्या बाटल्या पोत्यात गेल्या होत्या. भरलेली ही एकच उरली होती.

"असू दे ना ती," आई खुर्चीतून म्हणाली.

"कशाला? पिणारा गेला."

आईचे हात थरथरत होते. बाबा गेले आणि लेक राहायला आली, तेव्हापासून हे सुरू होतं. दुःख आहे, दुसरं काय, असं म्हणत लेकीने तिच्या अंगावर शाल घातली. लवंगेचा वास आला. माहेरी आलं की आधी हाच वास भेटायचा, आईचा.

आई कपडे शिवायची. अलीकडे सुईत दोरा मात्र बाबाच ओवून द्यायचे. दारुड्याला बरा जमतो दोरा, अशी शेजारीण चेष्टा करायची. बाबा हसून मोकळे व्हायचे. माणूसच तसा, कोणी काहीही बोला.

लेकीला कधी हसू आलं नाही. स्वतःला मुलगी झाली, तेव्हा तिलाही तिने बाबांच्या मांडीवर बसू दिलं नाही. "आधी तोंडाचा वास घालवा," असं सरळ तोंडावर म्हणाली होती. बाबा कान पकडून बाजूला झाले होते. आता ते गेले आणि तिचा राग घरातच राहिला. रागवायला माणूसच उरला नव्हता.

तिने बाटली बेसिनवर कलती केली. आई धडपडत उठली आणि तिने लेकीचं मनगट धरलं.

"ओतू नकोस. माझी आहे ती."

"तुझी? तू कधी हात तरी लावलास का?"

"सगळ्या माझ्याच. तू सासरी गेलीस, हे कामावर जायचे. दुपारभर घर खायला उठायचं. एकदा चव घेतली, मग सुटेना." आईने मान वर केली नाही. "हे म्हणायचे, पुरुष प्याला तर लोक चार दिवस बोलतात. बाईला जन्मभर पुरतं. म्हणून आणायचे तेच, ठेवायचेही स्वतःच्या कपाटात."

बाटली लेकीच्या हातात तशीच राहिली.

"मग बाबांच्या तोंडाला यायचा तो वास?"

"घरात वास असायचाच गं. तू बेल वाजवलीस की ते घाईघाईने बाटलीतली एक चूळ भरायचे, थुंकायचे आणि दार उघडायला जायचे."