पुठ्ठे बाजूलाच राहिले

“सकाळी आठला भोंग्यावरचं राष्ट्रगीत संपलं की मी पुठ्ठे काढतो. पंधरा मिनिटांनी परत घालतो. घातलेले दिसले नाहीत, तर आत येऊन बघ, पोरी. मी विसरणारा माणूस नाही.”

समोरच्या प्रयोंग आजोबांनी हे सांगितलं, तेव्हा ओरथाई “हो, हो” म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत येऊन नवऱ्याला म्हणाली, “ऐकलंस? स्वतःच्या पोरीचं करता करता जीव जातोय, आता म्हाताऱ्याच्या माशांची राखणही मीच करायची.”

आजोबा एकटेच राहत. ओट्यावर त्यांनी कमरेएवढ्या उंचीवर एक फळी ठोकली होती. फळीवर चौकोनी बाटल्या, बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी, पाण्यात बदामाचं वाळकं पान आणि प्रत्येकीत एकच फायटर मासा. शेजारचा नुसता दिसला तरी हे मासे जिवावर उठतात, म्हणून दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा. सकाळी पुठ्ठे काढून त्यांना पंधरा मिनिटं एकमेकांवर फुगू द्यायचं. तेवढीच त्यांची तालीम. पुठ्ठे ओरथाईच्याच घरचे. सात महिन्यांच्या पिमच्या दुधाची रिकामी खोकी आजोबा मागून न्यायचे. ती खोकी दोन बोटांत धरून द्यायची, जशी काही भिकाऱ्याच्या झोळीत टाकतेय.

तिला त्या पाण्याची किळस होती. “डास होतील, आजोबा. माझी मुलगी लहान आहे.”

“या बाटल्यांतून डास जिवंत बाहेर आला,” आजोबा त्यांच्या चिलटाएवढ्या आवाजात म्हणाले, “तर त्याला मी देवळात नेऊन हार घालीन.”

तिला हसू आलं नाही. शिकलेली बाई होती ती. पिमच्या आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायची. पाळण्यावर कॅमेरा होता. झोपलेल्या पोरीचा श्वास मोजायची, कमी वाटला तर पुन्हा मोजायची. आणि समोर हा माणूस, ज्याला बाटलीतल्या माशापलीकडे जगच नव्हतं.

त्या मंगळवारी भोंग्यावरचं राष्ट्रगीत संपलं, पुठ्ठे निघाले. नऊ वाजले तरी ते बाजूला पडलेले होते. ओट्यावर आजोबा दिसत नव्हते.

बाटल्यांत मात्र जत्रा भरली होती. निळे, लाल, शेवाळी मासे कल्ले फुलवून, पर ताणून काचेवर धडका देत होते. शेपट्या पंख्यासारख्या उघडलेल्या. भाजकी केळी विकणाऱ्या सोमचित मावशी गाडी थांबवून म्हणाल्या, “अगं बाई! आमचे हे आणि सासूबाई जेवायला समोरासमोर बसल्या की अगदी अश्शेच दिसतात.” टपालवाला हसला. पिम कडेवरून झेपावून टाळ्या पिटायला लागली. ओरथाईने फोन काढला. नवऱ्याला पाठवण्यासाठी मासे आणि पोर एकाच चौकटीत घेत ती मोठ्याने म्हणाली, “बघा, बघा, चिक्कू म्हातारा आज उदार झालाय. फुकट तमाशा!”

कुठेतरी ठोकल्याचा आवाज येत होता. गल्लीच्या तोंडाशी कोणी कच्च्या पपईची कोशिंबीर खलबत्त्यात कुटायला घेतली असेल, असं तिला वाटलं.

साडेअकराला पिमला निजवून ती खिडकीत आली, तेव्हा तमाशा संपला होता. मासे काचेला टेकून धापा टाकत होते. दोन मासे आपापल्या बाटलीच्या तळाशी आडवे पडले होते. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की आता हा म्हातारा येऊन मलाच बोलणार. तणतणत ती रस्ता ओलांडून ओट्यावर चढली.

“आजोबा! विसरणारा माणूस नाही ना तुम्ही? मेले तुमचे दोन मासे!”

फळीखाली पाण्याचे रांजण मांडलेले होते. उत्तर रांजणांच्या मागून आलं, अगदी बारीक.

“मासे मेले, तेव्हा आलीस होय.”

ते ओल्या फरशीवर कुशीवर पडले होते. पाय भलतीकडेच वळलेला. हातात मासे धरायच्या जाळीचा दांडा, शेजारी पत्र्याची बादली.

आजोबा वाचले. खुब्याचं हाड जुळलं. आता ते काठी टेकत पुठ्ठे काढतात, पंधरा मिनिटांनी घालतात. दुधाची खोकीही मागून घेतात. ओरथाईशी याहून जास्त बोलत नाहीत, आणि तिनेही कधी कारण विचारलं नाही.

तो व्हिडिओ तिने पुसला नाही. एक मिनिट दहा सेकंदांचा आहे. मासे फुललेले, पिम खिदळतेय, आणि मागे तो ठोकल्याचा आवाज: तीन ठोके, मग थोडं थांबून पुन्हा तीन. एवढ्या शिस्तीत पपई कोणी कुटत नाही. मग तिचं वाक्य येतं, फुकट तमाशा, आणि तिचं हसणं. त्यानंतर ठोके बंद होतात. शेवटपर्यंत पुन्हा येत नाहीत.

कोणी पिमचं कौतुक करायला आलं की ती हाच व्हिडिओ दाखवते. पाहुणे म्हणतात, काय सुंदर मासे! ती फोन बंद करते आणि म्हणते, आणि तुम्हालाही तेच म्हणेल: “तुमच्या समोर राहणारं ते खडूस माणूस आज दिसलं का? चहा नंतर घ्या. आधी जाऊन हाक मारा, आणि ओ येईपर्यंत दारातून हलू नका.”