चौथी पायरी
देवळाच्या माथ्यावरची सहल संपली आणि बाकीचे पर्यटक उभ्या पायऱ्यांवरून खाली पोचले. फ्रान्सहून कित्येक वर्षांनी मायदेशी आलेल्या ख्मेर म्हाताऱ्याचे पाय मात्र लटपटू लागले. गाईड चन्नारीनं त्याचा हात धरला. "आजोबा, खाली नका बघू. माझ्याकडे बघा." चौथ्या पायरीवर तो थबकला. "युद्धात फुटलेल्या देवळाच्या भिंतीचं तू चुकीचं सांगितलंस, पोरी. तोफगोळा उत्तरेकडून नव्हे, समोरच्या टेकडीवरून आला." "तुम्हाला कसं ठाऊक?" "तोफ मीच डागली. आत फक्त सैनिक आहेत, असं सांगितलं होतं आम्हाला." आत गावकरी लपले होते. तेव्हा ढिगाऱ्यातून तीन वर्षांची चन्नारी एकटीच बाहेर आली होती. तिची बोटं सैलावली. म्हातारा डगमगला. खाली चाळीस पायऱ्या होत्या. तिनं त्याचं मनगट आवळलं. "आत माझी आई होती," ती म्हणाली. "आता डावा पाय खाली टाका."