शेंगदाण्याचा दोष

घरट्यातून पडलेली खार मी शाईच्या ड्रॉपरने दूध पाजून वाढवली. श्रावण लागला आणि तिच्या शेपटीचे केस जाऊ लागले. अंगावरची लव मात्र तुकतुकीत होती, खरूज नव्हती, भूकही चांगली होती. चूक माझ्याच खाऊ घालण्यात असणार, आणि ती सापडली नाही तर खार हातची जाईल, या धास्तीने मी तिचं रोजचं खाणं वहीत टिपू लागले.

दूध थांबवलं, पेरू वाढवला, अंड्याच्या टरफलाची पूड दिली. काही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट जुळली: काशीरामकाका तिला शेंगदाणे देत, त्याच दिवशी शेपूट जास्त विरळ होई. पण शेंगदाण्याने फक्त शेपटीचेच केस कसे जातील? काही कळेना.

काशीरामकाका दर पावसाळ्यात ओवे गावाहून पनवेलला आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखायला येत. "बी.एस्सी. झालीस नि खारीची दाई झालीस," असं मला चिडवत.

ते एका मूर्तीची भुवई काढत होते. मी म्हटलं, "काका, आजपासून तिला शेंगदाणे बंद."

त्यांचा हात थांबला.

"असं नको करू, पोरी. अजून चाळीस मूर्तींचे डोले बाकी हायत." त्यांनी कुंचल्याचं झिजलेलं करडं टोक माझ्यापुढे धरलं. "नि शेंगदाना दिल्याबिगर ती शेपटीला हात लावू देत नाय."