चादरीखालचा टीव्ही

काल मालिकेत काय झालं, असं पेर्सिदाने विचारलं, आणि सकाळीच गहू निवडायला आलेल्या तिघींचे हात थांबले.

"वहिनी," नणंद स्पासा हळूच म्हणाली, "परवा तिहोमिरचा चाळिसावा दिवस आहे. त्याच्यासाठी गहू निवडतोय आपण. आणि तू मालिकेचं विचारतेस?"

कोपऱ्यात टीव्हीवर पांढरी चादर होती. घरातलं माणूस गेलं की चाळीस दिवस टीव्ही झाकून ठेवायचा, आणि नवरा तिहोमिर गेल्यापासून पेर्सिदाने तो एकदाही लावला नव्हता. या तिघी रोज संध्याकाळी काळे रुमाल बांधून सांत्वनाला येत. साडेसात वाजले की एकीच्या कोंबड्या कोंडायच्या राहिलेल्या असत, दुसरीची प्रेशरची गोळी घ्यायची राहिलेली असे, तिसरीला घरी नक्की काय राहिलंय ते आठवत नसे, पण काहीतरी राहिलेलं असेच. आठला मालिका लागायची. पहिल्या दिवशी स्पासाने आणलेला कॉफीचा पुडाही पेर्सिदाने ओळखला होता. चार वर्षांपूर्वी स्पासाच्या सासूच्या दुखवट्याला तो पेर्सिदानेच नेला होता.

"मला नकोय, त्याला हवंय," पेर्सिदा म्हणाली. "दवाखान्यात शेवटचं बोलला ते हेच. 'तो बोटीवाला मरतो की त्या रडूबाईशी लग्न करतो, तेवढं मला येऊन सांग.' मी हो म्हटलंय."

तिहोमिर ती तुर्की मालिका बघायचा ती शिव्या घालायला. या बोटीवाल्याची दोनदा स्मृती गेली, मिशी मात्र दोन्ही वेळा जागच्या जागी, म्हणायचा. पण एक भाग चुकवला नाही त्याने.

"अशा वेळी बोलू नये काकू त्यातलं," शेजारची देसा म्हणाली. मग गव्हातून बोट फिरवत पुटपुटली, "मेला तो. काल पुरला त्याला."

"पुरला तो त्या रडूबाईचा नवरा गं," तिसरी, यागोदा म्हणाली.

"नवरा तर हिवाळ्यातच बुडाला," स्पासा म्हणाली.

"बुडाला, पण मग परत नाही का आला? बोटीवाल्याने लग्न केलं काल," यागोदा म्हणाली.

"ते स्वप्नात," देसा म्हणाली.

"तू कधी बघितलंस? तू तर अंगणात मिरच्या भाजत होतीस."

"खिडकीतून दिसत होतं मला."

"एवढ्या धुरातून?"

"तू तरी काय बघितलंस? अर्धा वेळ व्हिएन्नाच्या लेकीशी फोनवर होतीस. मला भिंतीतून ऐकू येतं सगळं."

स्पासाने रुमाल मागे सारला होता. गहू परातीतून सांडत होता. पेर्सिदा तिघींच्या तोंडांकडे बघत राहिली. याच तोंडांतून रोज "बिचारा तिहोमिर" निघायचं. त्या बिचाऱ्याला रोज साडेसातला अर्ध्यावर टाकून या जिच्यासाठी पळायच्या, ती मालिकाही यांनी धड बघितली नव्हती. नासकं दूध तोंडात आल्यासारखं तिला झालं.

"झाला गहू," ती म्हणाली. अर्धा निवडायचा राहिला होता. "या आता."

कालचा भाग सकाळी दहाला पुन्हा लागायचा, आणि दहा वाजतच आले होते. पेर्सिदाने खिडकीचे पडदे ओढले. चादर तिने काढली नाही, पुढून तेवढी वर केली. आवाज बंद ठेवला, खाली अक्षरं येतातच. बसलीही नाही. उभ्याने बघितलेलं धरत नाहीत, असं तिने स्वतःपुरतं ठरवलं.

पहिल्या अर्ध्या तासात रडूबाईने नवऱ्याला पुरलं. डोक्यावर रुमाल नाही, केस मात्र नुकते विंचरलेले. दुसऱ्या अर्ध्या तासात ती पांढरा झगा घालून समुद्राकाठी बोटीवाल्याबरोबर नाचत होती. मधे गेला होता तो एका साबणाच्या जाहिरातीएवढा वेळ. पुरताना ज्या बायका रडल्या, त्याच आता टाळ्या वाजवत होत्या.

"शी," पेर्सिदा म्हणाली.

मागे कोणीतरी श्वास सोडला. स्पासा विसरलेला चष्मा न्यायला परत आली होती. ती दारात उभी होती आणि केव्हापासून ते कळायला मार्ग नव्हता. तिने नाच संपेपर्यंत बघितलं, खालची नावं वर सरकायला लागली तेव्हा क्रूसाची खूण केली.

"माझ्या भावाच्या घरात," ती म्हणाली, "चाळिसाव्याच्या आधी." आणि चष्मा न घेताच गेली. त्याच्याशिवायही तिला गावातली सगळी दारं सापडली असणार, कारण दुपारी पाव आणायला पेर्सिदा दुकानात शिरली तेव्हा आतलं बोलणं बंद पडलं.

शनिवारी कबरस्तानात सारं गाव आलं. पाद्रीबाबांची प्रार्थना म्हणून झाली, मेणबत्त्या लागल्या. शिजवलेल्या गव्हाचा एकेक चमचा प्रत्येकाने घेतला, पण पेर्सिदाशी कोणी बोललं नाही. बायका चार हात लांब उभ्या राहिल्या. स्पासाने मातीवर हात आपटून गळा काढला. "ऊठ रे भावा, ऊठ. तुझ्या घरात काय चाललंय ते बघ. कोण कशावरची चादर उचलतंय ते बघ." यागोदाने देसाला कोपर मारलं. आता बायको रडेल, मातीवर पडून माफी मागेल, म्हणून सगळ्यांनी माना पुढे केल्या.

पेर्सिदाने बाटलीतली वाइन मातीवर सावकाश ओतली. ती जिरेपर्यंत थांबली. मग गुडघ्यावर बसली आणि घरात बोलायची तेवढ्याच आवाजात बोलली.

"लग्न केलं त्याने. कशाला मुकला नाहीस तू."