नवी मंडळी

नव्या लूथरन ख्रिस्ती मंडळीची उपासना फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. मी बाळाला घेऊन तिथे जायला लागले, तेव्हापासून सासूबाईंना एकच धास्ती: हे लोक सुनेला आणि नातवाला ओढून नेणार.

"दोन वर्षांत एकाच्या चार मंडळ्या झाल्या म्हणे. इतक्या भराभर तण वाढतं. पाणी कुठेतरी मुरतंय."

शेवटी छडा लावायला त्या स्वतःच आल्या आणि पर्स पोटाशी धरून माझ्या शेजारी बसल्या.

"गीतं आपलीच, प्रार्थनाही आपल्याच," त्या कुजबुजल्या. "मग वेगळी चूल कशाला?"

पाळकांचं प्रवचन सुरू झालं आणि बाळाने भोकाड पसरलं. आमच्या जुन्या चर्चमध्ये असं झालं की आईने मुकाट्याने बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभं राहायचं, हा रिवाज. सासूबाईंनी सवयीने बाळाला उचललं आणि त्या दाराकडे निघाल्या.

"बसा हो ताई," शेजारचे आजोबा म्हणाले. "रडू दे त्याला. आमच्या पाळकांचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा आहे."

सासूबाईंनी संशयाने आजोबांकडे पाहिलं, मग सगळ्या हॉलवर नजर फिरवली. कुणीही वळून बघत नव्हतं. त्या बाळाला थोपटत हळूच खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

घरी जाताना न राहवून मीच विचारलं, "मग आई, काय सापडलं?"

"प्रवचनाचा शेवट," त्या म्हणाल्या. "तीन पोरं वाढवताना एकदाही ऐकला नव्हता."