उरलेलं वाण

हळदीकुंकवाला बसावं की नाही, हे तुळजाला कुणीच सांगितलं नव्हतं. तरी ती हिरवी साडी नेसून आली आणि शेडच्या दाराशी, चपलांजवळ बसली.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या या बियाण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं ती काट्यावर पोती जोखत होती, भुजंग या नावानं. बाया बियाणं निवडताना ओव्या म्हणायच्या. काट्याजवळ बसून ती ओठांतल्या ओठांत दुसरी ओळ पुरी करायची. गेल्या दिवाळीनंतर, एक्कावन्नाव्या वर्षी, ती साडी नेसून मॅनेजर मुकुंदरावांपुढं उभी राहिली आणि आपलं खरं नाव सांगितलं.

मुकुंदरावांनी हजेरीवही पुढं ओढली. मग म्हणाले, "बावीस वर्षांत एकदाच वजन चुकलंय तुमचं, अकरा वर्षांमागं, ब्याण्णवच्या संक्रांतीला. असं माणूस मी कुठून आणू? हजेरीत नाव बदलतो. पण बायांच्या पंगतीत बसायचं, ते साळूबाईला विचारा."

तुळजानं विचारलं नव्हतं. बायांची मुकादम साळूबाई दोन महिने तिच्याशी एक अक्षरही बोलली नव्हती. तुळजा काट्याशेजारी एकटीच भाकरी खायची.

आज संक्रांत. साळूबाईनं चौदाही बायांना हळदकुंकू लावलं, एकेकीच्या हातात स्टीलची वाटी ठेवली.

"मावशे, यंदा मोजून आणलं का काय?" नंदाबाई हसली. "दर साली एक वाण उरतंय अन् तू घरी नेतीस. दिवसभर पोती मोजतीस, चौदा बाया मोजता येत न्हाईत व्हय?"

"तीळगूळ खा अन् गप बस."

साळूबाई ताट घेऊन दाराशी आली. तुळजानं मान खाली घातली. खांद्यापर्यंत वाढलेले केस तोंडावर आले. ताटात वाटी उरली नव्हती. साळूबाई जराशी थांबली आणि माघारी वळली.

तुळजानं चपलेत पाय घातला.

"कुठं निघालीस? बस खाली. दोन महिने झाले, तू इचारशील म्हणून वाट बघून राह्यले."

साळूबाईच्या हातात आता कापडी पिशवी होती. तिनं ती तुळजाच्या पदरात रिकामी केली. नवी वाटी, चहाची गाळणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, एकावर एक. सगळ्यात तळाची लाल फणी, पिवळ्या पडलेल्या कागदात.

"बारा हायत. मोजून घे."

नंदाबाईचं हसू ओठावरच राहिलं.

"पन तुला... कधी कळलं?" फणी हातात घेत तुळजानं विचारलं.

"ब्याण्णव साली मी ह्या फण्या वाटून राह्यले होते," तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवत साळूबाई म्हणाली, "अन् तुझा काटा चुकल्ता."